पावाचा चुरा भाजून वरून भुरभुरायचा असतो, पण कुरकुरीत राहतच नाही. काय चुकतंय?

उरलेसुरले

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. साधीच फ्लॉवर-बटाट्याची परतलेली भाजी. पण वाढताना तिने वरून काहीतरी तपकिरी, खमंग भुरभुरलं. मला वाटलं शेवेचा चुरा. तर म्हणे शिळ्या ब्रेडचा चुरा, तेलात लसूण घालून भाजलेला. भाजी संपली तरी मी ताटाच्या कडेचे कण बोटाने टिपून खात होते, इतका आवडला.

आमच्याकडे आठवड्याला एक ब्रेडचा पुडा येतो. पहिले दोन दिवस घरभर सँडविच-सँडविच होतं आणि मग शेवटच्या चार स्लाइस आणि दोन्ही टोकं फ्रीजमध्ये बेवारस पडून राहतात. म्हटलं हा मस्त उपाय आहे. तीनदा केला.

पहिल्यांदा ताजाच ब्रेड मिक्सरला लावला. मोदकाच्या उकडीसारखा गोळा झाला. दुसऱ्यांदा लसूण आणि चुरा एकदमच तेलात टाकला, मोठी आच. लसणाचा कोळसा, चुरा अर्धा पांढरा आणि अर्धा काळा. तिसऱ्यांदा रंग अगदी तिच्यासारखा आला, कढईत कुरकुरीतही होता. पण खायच्या वेळेला ओल्या भुशासारखा.

मैत्रिणीला विचारलं तर म्हणते, "अगं काही नाही गं, नुसता भाजायचा." सुगरणींचं हे एक असतंच.

कृपया नीट सांगा. आणि हो, "त्यापेक्षा शेव घाला की" असं कुणी लिहू नका.

शेंगदाणेवाला

त्यापेक्षा शेव घाला की.

दुपारची_झोप

हसून हसून पुरती वाट. पहिल्याच चेंडूवर विकेट.

पाटा_वरवंटा

उरलेसुरले ताई, मी करते तसं सांगते. माझ्याकडे गेली आठ-दहा वर्षं हा डबा असतोच.

ब्रेड दोन दिवसांचा घ्या. टोकं आवर्जून घ्या, त्यांचाच चुरा सगळ्यात चांगला होतो. स्लाइस ताटात सुट्या मांडून पंख्याखाली दोन-तीन तास ठेवा. कडा कडक आणि मध्ये किंचित मऊ असं झालं की हाताने तुकडे करून मिक्सरच्या छोट्या भांड्यात, भांडं अर्धंच भरायचं. बटण एक-दोन-तीनवर न्यायचंच नाही. उलट्या बाजूला झटका द्यायचा, सोडायचा, झटका द्यायचा, सोडायचा. तीन-चार झटके पुरे. काही कण रव्याएवढे, काही साबुदाण्याएवढे असायला हवेत. सगळं एकसारखं बारीक झालं तर त्याची पूड होते आणि पूड तोंडात चिकटते.

चार स्लाइसच्या चुऱ्याला पोह्याचे तीन चमचे तेल. पसरट कढई. आधी तेल कोमट झालं की ठेचलेल्या चार पाकळ्या टाकायच्या, लसूण कडेने सोनेरी व्हायला लागला की काढून ठेवायचा. मग त्या तेलात चुरा. मध्यमपेक्षा कमी आच आणि उलथणं थांबवायचं नाही. रवा भाजतो तसंच, पण रव्यापेक्षा जास्त लक्ष ठेवून, कारण दुकानातल्या ब्रेडमध्ये साखर असते आणि तो शेवटच्या एका मिनिटात दगा देतो.

रंगापेक्षा आवाज ऐका. सुरुवातीला चुरा मुका असतो, उलथण्याला जड लागतो, वाफ येते. सहा-सात मिनिटांनी हलका होतो आणि कढईत वाळू सरकवल्यासारखी सळसळ ऐकू येते. हवा त्यापेक्षा एक छटा फिका असतानाच परातीत ओतायचा. कढईत ठेवलात तर गॅस बंद केल्यावरही भाजला जातो. मीठ शेवटी, मघाचा लसूण कुस्करून शेवटी.

उरलेसुरले

पाटा_वरवंटा, साष्टांग! लसूण काढून ठेवायचा हे डोक्यातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

ठाण्याचा_ठोंब्या

फोटो नाही. पाककृती फाऊल धरण्यात येत आहे.

शेंगदाणेवाला

मी गंमत केली खरी, पण मुद्दा गंभीर आहे. आपल्याकडे वरून घालायच्या गोष्टींची काय वानवा आहे हो? शेंगदाण्याचं कूट, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, तिळकूट, मेतकूट, सुकं खोबरं, तळलेल्या कुरडईचा चुरा. खानदेशात पापडाचा खुडा करतात, तेल-तिखट-कांदा घालून, त्याच्यापुढे काय लावताय? आणि हे मैद्याचं शिळं काहीतरी तेलात भाजून भाजीवर? उद्या बिस्किटाचा चुरा आमटीवर घालाल.

रविवारचा_रस्सा

पापडाच्या खुड्याला +१०००. बाकी प्रतिसाद दुर्लक्षिला आहे.

नांदेडची_नात

शेंगदाणेवाला काका, तुमच्या यादीत आमचा भुरका राहिला की. मराठवाड्याला नेहमी असंच विसरतात. (हलकेच घ्या.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भुरका म्हणजे तेल तापवून त्यात ठेचलेला लसूण, तीळ, शेंगदाण्याचं जाडसर कूट, आणि गॅस बंद करून मग लाल तिखट नि मीठ. भाकरी असो, खिचडी असो, वरणभात असो, वरून भुरका. आमची आजी गॅस बंद केल्यावर दहा आकडे मोजायची आणि मग तिखट टाकायची. आधी टाकलं की तिखट काळं पडतं आणि ठसका लागून घर रिकामं होतं.

आता मुद्द्यावर येते. मी पुण्यात होस्टेलवर असताना कूट संपलं होतं म्हणून भुरक्यात ब्रेडचा चुरा घातला. कूट घातलेला भुरका खमंग असतो पण कुरकुरीत नसतो, दोन तासांत तेल पिऊन मऊ पडतो. चुऱ्याचा भुरका दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत होता. तेव्हापासून मी दोन्ही घालते, अर्धं कूट, अर्धा चुरा. आजीला अजून सांगितलेलं नाही.

दुपारची_झोप

आजी हा धागा वाचत नाहीत ना, खात्री करून घ्या.

प्रयोगवही

नांदेडची_नात यांचं निरीक्षण बरोबर आहे. शेंगदाण्यात स्वतःचंच तेल निम्म्याच्या आसपास असतं, कुटलं की ते सुटतं. पावाचं अंग म्हणजे मुळात स्पंज. त्यातलं पाणी घालवलं की पोकळ, काचेसारख्या पातळ भिंती उरतात आणि त्या मोडताना आवाज होतो. त्यालाच आपण कुरकुरीत म्हणतो. त्या भिंती पुन्हा पाणी प्यायल्या की संपलं.

काल स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून बघितलं. ११२ ग्रॅम चुरा कोरडाच भाजला, शेवटी ७४ ग्रॅम भरला. म्हणजे ३८ ग्रॅम पाणी उडालं. हे पाणी आहे तोवर चुऱ्याचं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही आणि खरपूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. म्हणून पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, माणूस कंटाळून आच वाढवतो आणि मग बाहेरून कोळसा, आतून ओला. ताईंच्या दुसऱ्या प्रयोगाचं कारण हेच.

आणखी एक. शिळा होणं म्हणजे नुसतं वाळणं नव्हे. पाव भाजताना विस्कटलेला स्टार्च थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा रांगेत बसतो आणि घट्ट होतो. हे फ्रीजच्या तापमानाला सगळ्यात वेगाने होतं, फ्रीझरमध्ये जवळजवळ थांबतं. म्हणजे खायचा ब्रेड फ्रीजमध्ये ठेवणं चूक. चुऱ्यासाठीचा ठेवलात तर बिघडत नाही. जास्त उरला असेल तर टोकं फ्रीझरमध्ये साठवत जा.

उरलेसुरले

अय्या, म्हणजे माझी फ्रीजमधली बेवारस टोकं बरोबर जागी होती तर.

कावळा_शिवला

वजनाचा काटा घेऊन ब्रेड भाजणारा माणूस प्रथमच पाहिला. घरच्यांना आमचा नमस्कार सांगा.

कोकणी_काकू

बुरशीबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. पावसाळ्यात आमच्याकडे ब्रेड तिसऱ्या दिवशी हिरवा पडतो. "तेवढाच कोपरा काढून बाकीचा भाजला की चालतं" असं आमचे हे म्हणतात. चालत नाही. वर हिरवं दिसतं तेव्हा धागे आत पोचलेले असतात, आणि भाजल्याने त्यातलं विष जातंच असं नाही. अख्खा पुडा टाकायचा. गाईलाही घालायचा नाही.

आता गमतीचं. आमच्याकडे जवळ्याची चटणी असतेच. मी एकदा जवळा कोरडा भाजून, कुस्करून, मूठभर ब्रेडच्या चुऱ्यात मिसळला. लसणी, थोडं तिखट, दोन कोकमं बारीक चिरून. आणि गरम गरम वाफाळत्या पेजेवर! पेजेवर घातल्या घातल्या खायची, नाहीतर बुडते. आमचे हे, ज्यांना ब्रेड म्हणजे आजारी माणसाचं खाणं वाटतं, त्यांनी दुसऱ्यांदा पेज मागितली.

पालेर्मोहून_परत

कोकणी काकू, तुम्ही नकळत सिसिलीत पोचलात! नवऱ्याच्या कामानिमित्त आम्ही तीन वर्षं पालेर्मोला होतो. तिथे हा चुरा म्हणजे आपल्या कुटासारखा, घरोघरी. 'मुद्दिका अत्तुर्राता' म्हणतात, शब्दशः भाजलेला पावाचा गर. बाकी इटलीत 'पानग्रात्तातो' म्हणजे किसलेला पाव.

तिथे अँचोव्ही नावाची खारवलेली छोटी मासळी तेलात विरघळवतात, त्या तेलात पास्ता घोळवतात आणि वर हा चुरा. तुमचं जवळ्याचं गणित तेच. खारट सुकी मासळी, तेल, लसूण, चुरा. तिथली मानाची डिश म्हणजे 'पास्ता कोन ले सार्दे'. तारल्यांच्या जातीचा मासा, रानबडीशेपेची हिरवी पालवी, बेदाणे, चिलगोज्यासारख्या बिया, केशर, आणि वरून मुद्दिका. बेदाणे आणि मासे एकत्र हे ऐकून मी आधी नाक मुरडलं होतं. दुसऱ्या वर्षी स्वतः करायला लागले.

चीज महाग, ज्यांना परवडत नाही त्यांनी चुरा घालायचा, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. गरिबाचं चीज. पण आता पैसेवाल्यांच्या घरीसुद्धा माशाच्या पास्त्यावर चीज मागितलंत तर यजमानीण अशी बघते की आपण पुरणपोळीवर सॉस मागितलाय. १९ मार्चला सान ज्युझेप्पेचा सण असतो. हा संत सुतार. त्या दिवशीच्या पास्त्यावरचा चुरा म्हणजे सुताराच्या करवतीचा भुसा असं मानतात.

दुपारची_झोप

म्हणजे उरलेसुरले ताईंचा "ओला भुसा" परंपरेला धरूनच होता. फक्त सुतार पावसात भिजला होता.

उरलेसुरले

:D :D ऑफिसात मोठ्याने हसले, सगळे बघताहेत.

मडगांवचो

धागा सिसिलीला गेला तर गोव्यातून का नको? पाव शब्द पोर्तुगीज, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गंमत म्हणजे जपानी 'पांको' मधला 'पान' हा त्याच पोर्तुगीज शब्दाचा भाऊ, 'को' म्हणजे पूड. एकाच घरातले दोघे, एक मडगावात उतरला, एक जपानात. पांकोचा पाव बऱ्याच कारखान्यांत भट्टीत भाजत नाहीत, पिठातून वीज सोडून शिजवतात, म्हणून त्याला तपकिरी कवच येत नाही. मग त्याचे पांढरे, लांबट कपचे निघतात.

आमच्याकडे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों पों करत येतो. पोई, उंडे, कातऱ्याचे पाव, काकणां. पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर (माडी) घालायचे. उरलेला पाव वाळवून पूड करणं हे आमच्या आयांचं रोजचं काम, बटाट्याचे चॉप्स आणि क्रोकेट घोळवायला लागायची. पण भाजून वरून घालणं हे माझं स्वतःचंच, आईचं नव्हे. पोईला बाहेर कोंडा लावलेला असतो, तिचा चुरा भाजला की वेगळाच खमंग वास येतो. तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्यावर खोबऱ्याबरोबर अर्धी मूठ. देव बरें करूं.

ठाण्याचा_ठोंब्या

मी शाकाहारी आहे आणि रात्रीचे साडेअकरा वाजलेत. हा छळ आहे.

पाव_किलो_कमी

मैदा, मैदा, मैदा. एवढे सुशिक्षित लोक मैद्याला डोक्यावर घेऊन नाचताय. साखर वाढते, पोट बिघडतं. शिळ्या पोळीचा का नाही करत? ती तर रोजच उरते.

पाटा_वरवंटा

पाव_किलो_कमी, एका माणसाच्या ताटात एक-दोन चमचे चुरा येतो हो. अर्ध्या स्लाइसएवढासुद्धा नाही. बाकी रोज चार वडापाव खाणाऱ्याला सांगा, मी तुमच्या बाजूने आहे.

पोळीचं मात्र करून बघितलंय. शिळ्या पोळीचा कुस्करा करून आपण फोडणीची पोळी करतो, तिला वाफ देतो, म्हणून ती मऊ. तोच कुस्करा झाकण न ठेवता तव्यावर कमी आचेवर ठेवलात तर कुरकुरीत होतो, खाकऱ्याच्या चुऱ्यासारखा. चव छान, गव्हाची. पण कण चपटे आणि कडक, ब्रेडसारखे हलके नाहीत. दह्यातल्या कोशिंबिरीवर चांगला लागतो. भाकरीचा केला होता, ज्वारीच्या. फक्त पापुद्र्याचा बरा झाला, खालच्या बाजूचा नुसता खडा. दात जपा.

रविवारचा_रस्सा

अवांतर: लहानपणी आम्ही बेकरीतून चुरा आणायचो. खारीच्या आणि टोस्टच्या ट्रेच्या तळाशी जे उरायचं ते बेकरीवाला कागदाच्या पुडीत वजनावर द्यायचा, खारीपेक्षा खूप स्वस्त. चहात घालून चमच्याने खायचा. कधी त्यात नानकटाईचा तुकडा सापडला की लॉटरी. आता हे सगळं वाचताना जाणवलं की चुरा हा आमच्याकडे मुख्य पदार्थ होता, वरून घालायचा नव्हता.

नांदेडची_नात

खारीचा चुरा!! किती वर्षांनी आठवण काढलीत.

कावळा_शिवला

टोस्टचा चुरा आयता भाजलेलाच असतो की. तो वापरला तर?

पाटा_वरवंटा

टोस्ट बहुतेक गोड असतो, वेलची-जिऱ्याचाही असतो. तिखट भाजीवर विचित्र लागतो. कडक ब्रून पाव मिळाला तर मात्र सोडू नका. त्याचं कवच आणि आतला गर मिळून जो चुरा होतो त्याला तोड नाही. लादीपावाचा मऊ पडतो, त्याला वाळवायला दुप्पट वेळ द्या.

डॅन्यूबकाठी

गोडाचा विषय निघालाच आहे म्हणून. मी व्हिएन्नात राहतो. इथे जर्दाळूच्या मोसमात 'मारिलेनक्नोडेल' करतात. अख्खं जर्दाळू पिठाच्या गोळ्यात भरून उकडायचं, मग लोण्यात भाजलेल्या पावाच्या चुऱ्यात लोळवायचं, वर पिठीसाखर. बघताना उकडीचा मोदक भुशात पडल्यासारखं दिसतं. खाताना बोलायचं भान राहत नाही.

घरी मी तोच चुरा तुपात भाजून, शेवटी गॅस बंद करून किसलेला गूळ आणि जायफळ घालतो. शिकरणीवर.

शेंगदाणेवाला

शिकरणीवर ब्रेडचा चुरा. पुण्यात प्रवेशबंदी होईल तुम्हाला.

डॅन्यूबकाठी

म्हणूनच व्हिएन्नात राहतो. आणि काका, पोळी-गूळ-तूप कुस्करून मलिदा करतोच ना आपण? पोळीच्या जागी पाव. बाकी सगळं तेच.

शेंगदाणेवाला

मलिद्याचा मुद्दा मान्य. अर्धा.

प्रयोगवही

धागा छान चाललाय, पण मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही. उरलेसुरले ताईंचा तिसरा प्रयोग. रंग बरोबर, कढईत कुरकुरीत, खायच्या वेळी मऊ. ताई, दोन गोष्टी सांगा. चुरा गरम असतानाच डब्यात भरला होता का? आणि भाजीवर नक्की कधी घातला?

उरलेसुरले

१. हो, गरमच भरला. मुंग्या लागतात म्हणून लगेच झाकण लावते मी सगळ्यालाच.

२. भाजी झाली, गॅस बंद केला, वरून चुरा घातला, झाकण ठेवलं. नवऱ्याच्या डब्यात तीच भाजी भरली, सकाळी सव्वासातला. तो जेवतो एक वाजता. लिहितानाच माझ्या लक्षात येतंय…

दुपारची_झोप

गुन्हेगाराने कबुलीजबाब दिला आहे.

कोकणी_काकू

अगो बाई, पावणेसहा तास वाफेत!

पाटा_वरवंटा

परातीत पसरून पूर्ण थंड होऊ द्या, हाताला अजिबात कोमट लागता कामा नये. मग घट्ट झाकणाचा डबा, स्टीलचा किंवा काचेचा. मुंबईत इतर वेळी आठवडाभर चांगला राहतो, पावसाळ्यात दोन-तीन दिवस, म्हणून थोडा थोडाच करा. मऊ पडला तर टाकू नका, कोरड्या कढईत दोन मिनिटं परता, पुन्हा जिवंत होतो. खवट वास आला तर मात्र टाका, ते तेल गेलेलं असतं.

आणि कढईतल्या भाजीवर कधीच घालू नका. वाढल्यावर ताटात. शक्यतो दुसऱ्या घासाच्या आधी.

रविवारचा_रस्सा

डब्याचं सोपं आहे. मिसळ पार्सल घेतो तेव्हा हॉटेलवाला फरसाण रश्शात घालून देतो का? वेगळी पुडी देतो. तशीच पुडी बांधा.

उरलेसुरले

रविवारचा_रस्सा, एवढी साधी गोष्ट! आयुष्यभर मिसळ पार्सल आणतेय मी.

ठाण्याचा_ठोंब्या

जाता जाता, कशाकशावर घालता ते लिहा ना. शाकाहारी.

नांदेडची_नात

दहीभात (सगळ्यात भारी), मुगाची खिचडी, भरीताला वरून, पालकाची पातळ भाजी. मटकीच्या कोरड्या उसळीवर लिंबाबरोबर.

प्रयोगवही

उकडलेला फ्लॉवर, वरून लोण्यात भाजलेला चुरा, किसलेलं उकडलेलं अंडं, कोथिंबीर. फ्रेंच लोक ह्याला 'पोलोनेझ' म्हणजे पोलंडच्या पद्धतीचं म्हणतात, तिथे पार्सली घालतात. अंडं वगळा, बाकी शाकाहारी. टोमॅटोच्या सारावरही घातला होता, तीस सेकंदांत बुडाला. पातळ पदार्थांना हा उपाय नाही.

पालेर्मोहून_परत

भरल्या वांग्यावर घालून बघा. आणि भोपळी मिरचीत बेसन पेरतो आपण, त्यातलं अर्धं बेसन कमी करून भाजलेला चुरा. सिसिलीत वांगी, मिरच्या, सगळ्यांच्या पोटात हाच भरतात. पोटात घातलेला कुरकुरीत राहत नाही, पण रस पिऊन घेतो आणि बेसनासारखा घशाला कोरडा लागत नाही.

पाव_किलो_कमी

काल गव्हाच्या ब्रेडचा करून बघितला. चांगला झाला. जास्त बोलत नाही.

शेंगदाणेवाला

हा पण गेला त्यांच्यात.

उरलेसुरले

अकरा दिवसांनी परत आले, अहवाल द्यायला.

रविवारी केला. सहा टोकं (फ्रीझरमध्ये साठवली होती, प्रयोगवही) आणि दोन स्लाइस. पंख्याखाली वाळवल्या, मिक्सरला उलटे झटके दिले. लसूण काढून ठेवला. आठ मिनिटं उभी राहिले, फोन बाहेरच्या खोलीत ठेवून. पाचव्या मिनिटाला आच वाढवायची अशी इच्छा झाली की बास, पण ३८ ग्रॅम पाणी आठवलं. आणि मग खरंच आवाज बदलला! आधी उलथणं ओल्या मातीतून चालल्यासारखं, मग एकदम सळसळ. शेवटी नांदेडच्या पद्धतीने गॅस बंद करून दहा आकडे मोजून तिखट. फोटो काढायला गेले तोवर मुलाने वाटी पळवली, त्यामुळे ठोंब्या, क्षमस्व, फाऊल मान्य.

रात्री दुधी भोपळ्याच्या भाजीवर घातला. आमच्याकडे दुधी म्हटलं की दोघांचीही तोंडं वाकडी होतात. ताटं स्वच्छ. भाजी आवडली असं नाही म्हणणार, पण गेली.

सोमवारी डब्याबरोबर पुडी दिली. संध्याकाळी विचारलं, कुरकुरीत होता का? तर म्हणाला माहीत नाही. बारा वाजता शेजारच्या टेबलवरच्याने पुडी उघडून बघितली आणि चौघांनी मिळून नुसताच खाऊन टाकला, चहाबरोबर. भाजी तशीच कोरडी खाल्ली.

आता दोन पुड्या देते.

रविवारचा_रस्सा

दुसरीत खारीचा चुरा द्या, त्यांना कळणारही नाही.

शेंगदाणेवाला

घरी ब्रेड आणलेला नाही, हे आधी स्पष्ट करतो. काल सूनबाईने केला होता. मी फक्त दहीभातावर, अर्धा चमचा, तुलना म्हणून. कूट ते कूटच.

दुसऱ्या वेळेला एक चमचा घेतला, कारण अर्ध्यात तुलना नीट होत नाही.

दुपारची_झोप

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

नवीन_सभासद_आहे

नमस्कार, मी आजच सभासद झालो. छान धागा. एक शंका होती, चुरा कुरकुरीत राहत नाही, काय करावं? आणि त्यापेक्षा शेव घातली तर चालेल का?